लॅमस कुरणाची साक्ष

कुंपणाच्या खांबासाठी खणलेल्या खड्ड्यात हेस्टर टॅबी पाय सोडून बसली होती आणि उठायला तयार नव्हती.

"डॉक्टर कुठायत?" त्यांच्याऐवजी मला, त्यांच्या बायकोला, एकटीलाच आलेली पाहून मिस्टर पाइकनं विचारलं. पाइक म्हणजे कॅरस्वेल हॉलचा कारभारी. लाल मानेचा, उंच माणूस. हातात नकाशाची गुंडाळी.

"बाळंतपणाला गेलेत पलीकडच्या गावात. यांना काय झालंय? पडल्या का?"

"पडतेय कशाला? चांगली चालत आले आणि बसले," हेस्टर खालून म्हणाली. एकाहत्तर वर्षांची बाई, अंगात मेलेल्या नवऱ्याचा कोट. तिच्या तीन शेळ्या आजूबाजूला खुशाल चरत होत्या. कुदळी टेकून चार मजूर उभे होते, ते गावातलेच. तिच्याकडे न बघता ते आपल्या बुटांकडे बघत होते.

पाइक मला जरा बाजूला घेऊन म्हणाला, "म्हातारीचं डोकं फिरलंय. डॉक्टरांनी तसं दोन ओळींत लिहून दिलं, तर हिला उचलून कुठेतरी नीट ठेवता येईल. तिच्याच भल्यासाठी."

मी खड्ड्याशी उकिडवी बसले. "हेस्टर, आज वार कोणता?"

"मंगळवार. आणि हे कुरण ज्या दिवशी कॅरस्वेलांच्या बापाचं झालं तो वार कोणता, ते त्या पाइकला विचारा."

मजुरांपैकी एकजण खोकला. मी उठून पाइकला म्हटलं, "डोकं शाबूत आहे. डॉक्टर यापेक्षा वेगळं काही लिहून देणार नाहीत."

"डॉक्टरीणबाई," हेस्टरनं मला हाक मारली. गावात ती एकटीच मला असं म्हणायची, बाकी सगळे मिसेस केरकर. "तुम्ही चर्चमधले जुने कागद वाचता म्हणे. त्यात या कुरणाचं काही असेल तर मला सांगा. नसेल तरी सांगा. पण खरं काय ते सांगा."

"बघते," मी म्हटलं. घराकडे वळले तरी 'खरं काय ते सांगा' हे तिचे शब्द मनातून जाईनात. त्याचं कारण मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही.

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याहत्तरच्या सप्टेंबरातली. नेदर ॲशबी हे चारेकशे वस्तीचं गाव. तिथे येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली होती. डॉक्टर (मी नवऱ्याला डॉक्टरच म्हणे) आसपासच्या पाच गावांचे एकटे डॉक्टर. आमचं घर आणि त्याला जोडलेला दवाखाना कॅरस्वेलांच्या मालकीचा, भाडेपट्ट्यानं घेतलेला. तसं पाहिलं तर त्या गावात कॅरस्वेलांचं काय नव्हतं? शेतं त्यांची, गिरणी त्यांची, अर्धीअधिक घरं त्यांची. चर्चमध्ये पाद्री कोण नेमायचा तेसुद्धा पिढ्यान्पिढ्या तेच ठरवत.

त्या वर्षी चर्चला सातशे वर्षं होणार होती. रेव्हरंड एलिस यांना गावाचा एक लहानसा इतिहास छापायचा होता. चर्चच्या मागच्या खोलीत ओकची एक जुनी पेटी होती, तिच्यात कागद कोंबलेले. ते कुणाला वाचता येत नव्हते. मी म्हटलं, मी प्रयत्न करते. जुनं वळणदार अक्षर वाचायची मला लहानपणापासून सवय होती. आमच्याकडची मोडी काय आणि त्यांचं साडेतीनशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी काय, एकदा लिहिणाऱ्याच्या हाताची सवय ओळखली की कागद बोलायला लागतो. एलिसनी मला मॅनर म्हणजे काय ते समजावलं: एक धनी, त्याच्या हाताखाली कुळं, धन्याचीच कचेरी, तिथेच न्याय, तिथेच दंड. मला फार समजावून घ्यावं लागलं नाही.

लॅमसचं कुरण हे गावाच्या खालच्या अंगाला नदीकाठचं तीस एकरांचं हिरवं रान. जुलैअखेर गवत कापून व्हायचं. एक ऑगस्टला, म्हणजे लॅमसच्या दिवशी, फाटक उघडायचं आणि फेब्रुवारीपर्यंत गावातल्या कुणीही आपली जनावरं तिथे सोडायची. कधीपासून, ते कुणाला ठाऊक नव्हतं. आता मेजर कॅरस्वेलना ती जमीन खडीच्या खाणीसाठी द्यायची होती. गावानं कुरणाची नोंद सार्वजनिक म्हणून व्हावी असा अर्ज केला होता, मेजरनी हरकत घेतली होती, आणि ऑक्टोबरात कमिशनर येऊन सुनावणी घेणार होते. त्याआधीच कुंपण घालून मोकळं व्हायचं, असा पाइकचा बेत.

त्या मंगळवारी दुपारी मी पेटी पुन्हा उघडली. तळाशी चामड्याची एक वही होती, कडा उंदरांनी खाल्लेली. तिच्यातली पंधरा-वीस पानं मी आधी चाळून सोडून दिली होती. या वेळी एकेक ओळ बोटानं धरून वाचली. तिसऱ्या दिवशी सापडलं. साल सोळाशे अकरा. आपल्या भाषेत सांगायचं तर असं काहीसं: "सदरहू कुरण लॅमसपासून गावातील समस्त घरवाल्यांच्या जनावरांस मोकळे असावे. धन्याने अगर त्याच्या वंशजाने तेथे कुंपण घालू नये, माती खणू नये. हे पूर्वापार चालत आले असून धन्यास मान्य आहे." खाली रॉबर्ट कॅरस्वेलची झोकदार सही. तिच्याखाली बारा पंचांच्या निशाण्या. लिहिता न येणाऱ्यांनी काढलेल्या फुल्या, विळा, दाताळं.

मी वही मिटली आणि पुन्हा पेटीच्या तळाशी ठेवली.

दुसऱ्याच दिवशी मेजरांचं चहाचं बोलावणं आलं. गोष्ट कशी पसरली कोण जाणे. मी एलिसना उत्साहानं सांगितलं होतं, त्यांनी बायकोला सांगितलं असेल.

मेजर साठीचे, लढाईत डावा हात कोपरापासून गेलेला. उजव्या हातानं त्यांनी मला स्वतः चहा ओतून दिला. वागायला अतिशय सभ्य माणूस. खोलीत भिंतभर कॅरस्वेल टांगलेले होते.

"मिसेस केरकर, तुमच्या यजमानांनी माझ्या बायकोची शेवटची दोन वर्षं सुसह्य केली. मी ते विसरलेलो नाही."

"त्यांचं कामच आहे ते."

"तुम्ही एक वही वाचलीत म्हणे."

"हो."

"मॅनरचे कागद मॅनरच्या धन्याचे असतात. चर्चच्या पेटीत ते चुकून राहिले. सोमवारी पाइक येऊन सगळी पेटी इकडे घेऊन येईल. तुम्हाला पुस्तकासाठी काही हवं असेल तर मी स्वतः निवडून देईन."

"आणि सुनावणीला ती वही तुम्ही दाखवाल?"

ते हसले. "तुम्ही पाहुण्या आहात, म्हणून सांगतो. ही जमीन माझ्या घराण्यात चारशे वर्षं आहे. चारशे वर्षं एक जमीन सांभाळणं म्हणजे काय, हे बाहेरून आलेल्या माणसाला कळणं अवघड आहे. कागदात एक ओळ असते. घराणं म्हणजे ओळ नव्हे."

मी बशीत कप ठेवला.

"तुमचा भाडेपट्टा मार्चमध्ये संपतो," ते त्याच गोड आवाजात म्हणाले. "तो पुढे चालू ठेवायला मला आनंदच वाटेल."

घरी येऊन मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते स्टेथोस्कोप गळ्यातच ठेवून ऐकत होते.

"वत्सल, आपण इथे कोण आहोत? उद्या दवाखाना बंद झाला तर पाच गावांनी जायचं कुठे? तुझी ती हेस्टर, तिचा रक्तदाब मोजायला तरी मी इथे पाहिजे ना?"

"तुम्ही म्हणता ते मला पटतं."

"मग?"

"मग काही नाही. पटलं तरी मी गप्प बसणार नाही."

त्यांनी माझ्याकडे नवल करत पाहिलं. अठरा वर्षांच्या संसारात मी असं कधी बोलले नव्हते. "तू वाचलंस त्यात तिळमात्र शंका नाही ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते उठून पेशंट बघायला गेले.

शनिवारी सकाळी मी एलिसांकडे गेले. मॅनरचे जुने कागद नष्ट होऊ नयेत म्हणून कायदा आहे, ते जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात जमा करता येतात, हे मी लायब्ररीतून शोधून काढलं होतं. मालकी मेजरांचीच राहील, पण कुणाला ती वही गहाळ करता येणार नाही. पेटी एलिसांच्या ताब्यात होती, तेव्हा जमा करायचा अधिकारही त्यांचा.

एलिस बिचारे घामाघूम झाले. "मिसेस केरकर, माझी नेमणूक कुणी केलीय, तुम्हाला ठाऊक आहे. मला तीन मुली आहेत."

"तुम्ही फक्त एक चिठ्ठी द्या. 'जमा करण्यास हरकत नाही.' दहाच्या बसनं न्यायचं काम मी करते."

ते खिडकीतून आपल्या वाफ्यांकडे बघत राहिले. मग टेबलाशी बसून त्यांनी चिठ्ठी लिहिली, सही केली, आणि म्हणाले, "मी घेवड्याला पाणी घालायला चाललोय. तिथून मला काही ऐकू येत नाही, बस कुठली आणि पेटी कुठली."

दहा वाजताच्या बसमध्ये ती पेटी मी मांडीवर घेऊन बसले. पेटी जड, माझी साडी तिच्या कडीला अडकून फाटली. कंडक्टर म्हणाला, "डॉक्टरीणबाई, काय प्रेत नेताय की काय?" म्हणजे हेस्टरचा शब्द गावभर झाला होता. मी म्हटलं, "उलट आहे. जिवंत आहे." दफ्तरखान्यातल्या बाईंनी हातमोजे घालून वही उघडली, पानं मोजली, मला पावती दिली. सोमवारी पाइक रिकाम्या हातानं परत गेला, आणि हेस्टर रोज खड्ड्यात येऊन बसत असल्यामुळे कुंपणही रखडलं.

सुनावणी गावच्या शाळेत झाली. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. कमिशनर म्हणजे एक बारीक, सर्दी झालेले गृहस्थ. मेजरांच्या बाजूनं लंडनहून बॅरिस्टर आले होते. हेस्टर पहिल्या बाकावर, कोट धुऊन घातलेला. मला बोलावलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं. दवाखाना बंद करून डॉक्टर शेवटच्या बाकावर येऊन बसले होते. येणार म्हणून ते मला बोलले नव्हते.

दफ्तरखान्यातून वही आली होती. मी ती नोंद मोठ्यानं वाचली, मूळ शब्दांत, मग आजच्या इंग्रजीत. 

बॅरिस्टर उठले. "मिसेस केरकर, आपण इंग्लंडमध्ये किती वर्षं आहात?"

"अकरा."

"आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीचं आमचं हस्ताक्षर आपण वाचता. कौतुक आहे. 'खणू नये' हा शब्द आमचे तज्ज्ञ 'नांगरू नये' असा वाचतात."

"त्यांना आठव्या पानावरचा तोच शब्द बघायला सांगा. तिथे तो कबरीविषयी आहे. कबर नांगरत नाहीत, खणतात."

मागे कुणीतरी हसलं. कमिशनरांनी पान उलटून भिंगातून पाहिलं, आणि मान डोलावली.

बॅरिस्टरांचा सूर बदलला. "आपण ही पेटी घाईघाईनं बसमधून हलवलीत. मेजर कॅरस्वेल आपले घरमालक आहेत, त्यांनी आपल्याशी सदैव चांगुलपणानं वर्तन केलं. मग एवढा खटाटोप कशासाठी? जमीनदार घराण्यांविषयी आपल्या मनात काही आकस आहे का?"

 समोर मेजर बसले होते, कोटाची रिकामी बाही नीट पिन केलेली.

"मी त्यांच्यातलीच आहे," मी म्हटलं. "माझ्या माहेरी अकरा पिढ्यांची खोती होती. खोत म्हणजे तुमचा मॅनरचा धनीच समजा. माझ्या वडिलांची नजर गेली होती, म्हणून घरातले कागद मी वाचून दाखवायची. मी सोळा वर्षांची असताना सोनू धनावडे नावाचं आमचं कूळ दारात आलं. त्याच्या आजोबानं डोंगर फोडून शेत केलं होतं. माझ्या पणजोबांनी ते त्याच्या वंशाकडून काढून घेणार नाही असं लिहून दिलंय, असं त्यानं लहानपणी ऐकलं होतं. नवा कायदा आला होता, त्याला तो कागद हवा होता. वडील मला म्हणाले, 'बघ गं, आहे का तसं काही.' मी दफ्तर उघडलं. कागद माझ्या हातात होता. मी वाचला. वडिलांनी माझ्याकडे तोंड केलं. त्यांना दिसत नव्हतं, पण मी काय म्हणावं ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी म्हटलं, 'नाही काही.' सोनू माझे आभार मानून गेला. तसदी दिली म्हणून."

बॅरिस्टर म्हणाले, "याचा या प्रकरणाशी संबंध नाही."

"प्रश्न तुम्हीच विचारलात," कमिशनर नाक पुसत म्हणाले. "बाईंना बोलू द्या."

"घराणं सांभाळणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळत नाही, असं मेजर मला म्हणाले. मला चांगलं कळतं. मी सांभाळलंय. एकदा सांभाळलंय, पुन्हा सांभाळणार नाही. त्या वहीत जे आहे ते मी वाचलं. विचाराल तितक्या वेळा वाचीन."

मेजरनी मान खाली घातली नाही. ते माझ्याकडे सरळ पाहत राहिले, मीही पाहत राहिले. बॅरिस्टर खाली बसले.

डॉक्टर माझ्याबरोबर घरी चालत आले. फाटकाशी आल्यावर म्हणाले, "तेवीस वर्षं पोटात ठेवलंस?"

"हो."

"आता?"

"आता सांगून झालं. पण ज्याला सांगायला हवं त्याला अजून नाही."

डिसेंबरात निकाल आला. कुरण गावाचं म्हणून नोंदलं गेलं. हेस्टरनं तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि शेळ्यांना घेऊन गेली. मार्चमध्ये आम्हाला घर सोडावं लागलं. मेजरांनी चहावर सुचवल्याप्रमाणे पट्टा वाढवला नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही, ते त्यांच्या घराण्याला जागले. दवाखाना आम्ही मेथडिस्ट पंथाच्या प्रार्थनाघरामागच्या खोलीत थाटला. जे मजूर त्या दिवशी बुटांकडे बघत होते, त्यांनीच खोलीला चुना लावून दिला. एप्रिलात मेजर स्वतः तिथे आले, छातीत दुखतंय म्हणून. बाकावर तिघांच्या मागे बसून राहिले. मी त्यांचं नाव लिहून घेतलं. आम्ही दोघंही हवापाण्याबद्दल बोललो.

त्या उन्हाळ्यात मी एकटीच कोकणात गेले. वडील वारले होते, घर दादाच्या ताब्यात होतं. मी दफ्तर मागितलं.

"कशाला आता ते?" दादा म्हणाला. "वाळवीनं खाल्लं असेल."

"खाल्लं असेल तर तसं बघते."

कागद होता. एक कोपरा गेलेला, पण पणजोबांची सही शाबूत. दादानं तो माझ्या हातात पाहिला आणि त्याच्या लक्षात आलं.

"वत्सल, ती जमीन आज माझ्या कलमांच्या बागेत आहे. तू आपल्या घरावर उठतेस?"

"हो," मी म्हटलं.

"बाबा असते तर तुला उंबरा ओलांडू दिला नसता."

"बाबा असते तर त्यांनाही वाचून दाखवला असता. या वेळी पूर्ण."

त्या घरात मी पुन्हा जेवले नाही. दादा मरेपर्यंत आमचं बोलणं नव्हतं.

सोनू धनावडे मुंबईत गिरणीत काम करून तिथेच वारला होता. त्याचा मुलगा तुकाराम भांडुपला राहत होता, डोंगरउतारावरच्या एका खोलीत. मी खोतांची मुलगी आहे म्हटल्यावर त्याच्या बायकोनं पुढे केलेला पाण्याचा तांब्या मागे घेतला. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, माझा एक शब्दही न झाकता. मग कागद वाचून दाखवला. तो भिंतीला टेकून ऐकत होता.

"म्हणजे बा खोटं बोलत नव्हता," तो म्हणाला. "आम्ही त्याला हसायचो. दारू प्यायला की तेच बोलायचा, कागद आहे, कागद आहे."

"कागद होता. खोटं मी बोलले."

त्यानं कागद माझ्याकडून घेऊन उजेडात धरला. मग त्यानं विचारलं, "हे मोडी तिथे कोण वाचणार? तहसीलदाराला येतं?"

"नाही येत."

"मग तुम्ही येऊन वाचाल? तुमच्या भावाच्या समोर?"

"तारीख पडली की कळव," मी म्हटलं. "इंग्लंडहून येईन."

सात तारखा पडल्या. सातही वेळा गेले.